‘मार्शल प्लॅन’मधला मार्शल कोणता?

प्रश्न असा आला आहे: ‘कोरडवाहू शेतीसाठी मार्शल प्लॅन हवा’ असं वाचलं. मार्शल म्हणजे लष्करी, तेव्हा ‘युद्धपातळीवरची योजना’ असाच अर्थ ना?

नाही. पण चूक तुमची नाही, आपल्या लिपीची आहे. इंग्रजीत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांचे तीन शब्द (martial, marshal, Marshall) देवनागरीत आले की तिघेही ‘मार्शल’च होतात.

पहिला ‘मार्शल लॉ’तला. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लागू झाला तो. हा मार्स या रोमन युद्धदेवावरून आलेला, म्हणजे आपल्या मंगळाच्या घरचा. आपल्या ज्योतिषातही मंगळ हा ग्रहांचा सेनापती, हा योग छानच. कोर्ट मार्शल आणि मार्शल आर्ट याच कुळातले.

दुसरा मार्शल विधानसभेत गोंधळी सदस्यांना उचलून बाहेर नेणारा, किंवा फील्ड मार्शलमधला. त्याचा मंगळाशी काडीचा संबंध नाही. जुन्या जर्मानिक बोलीतले ‘घोडा’ आणि ‘चाकर’ हे दोन शब्द जोडून तो झाला. थोडक्यात, मोतद्दार. घोडदळाचं महत्त्व वाढलं तसा मोतद्दार चढत चढत सेनापती झाला. फ्रेंचमध्ये मात्र नालबंदाच्या नावात हा शब्द अजून तबेल्यातच आहे. (कॉन्स्टेबलही मुळात तबेल्याचाच अधिकारी. पोलिसातल्या ‘बीट मार्शल’ची वंशावळ आता तुम्हीच जुळवा.)

तिसरा मार्शल म्हणजे निव्वळ आडनाव, याच दुसऱ्यापासून पडलेलं. आपल्याकडे सरनोबत आडनावाचा माणूस बँकेत कारकून असू शकतो, तसंच. तुमच्या प्रश्नातला मार्शल हा. गंमत इतकीच की हे आडनाव लावणारे जॉर्ज मार्शल खरोखरच सेनानी निघाले. १ सप्टेंबर १९३९ला, जर्मनी पोलंडमध्ये घुसली त्याच दिवशी, त्यांनी अमेरिकेचे लष्करप्रमुख म्हणून शपथ घेतली. तेव्हा फौज दोन लाखांच्याही आत होती. १९४५पर्यंत ती ऐंशी लाखांवर गेली. चर्चिलनी त्यांना ‘विजयाचे संघटक’ म्हटलं. अमेरिकेत फील्ड मार्शल हे पद कधी आलंच नाही. त्याचं एक कारण असं सांगतात की ‘फील्ड मार्शल मार्शल’ ऐकायला हास्यास्पद वाटलं असतं! खरंखोटं काही असो, किस्सा आमच्यासारख्यांच्या कामाचा आहे.

जानेवारी १९४७मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि ५ जूनला हार्वर्डमध्ये एक छोटेखानी भाषण केलं. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपला पुन्हा उभं राहायला अमेरिकेनं मदत करावी, हा त्याचा विषय. त्यातून आली ती मदतीची योजना म्हणजे ‘मार्शल प्लॅन’. आमचं धोरण कुठल्या देशाविरुद्ध नाही. भूक, दारिद्र्य, हताशा आणि अनागोंदी यांच्याविरुद्ध आहे, असा भाषणाचा आशय. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र आपल्याकडे हरवतो: योजना अमेरिकेनं लिहून द्यायची नाही, युरोपनं एकत्र बसून आखायची. त्याप्रमाणे १६ देश पॅरिसमध्ये बसले, गरजांचा एकत्र हिशेब मांडला, आणि एप्रिल १९४८पासून चारेक वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत गेली. बरीचशी अनुदान म्हणून. सोव्हिएत संघ आणि त्याच्या गटातले देश बाहेर राहिले, त्यामुळे ‘कुणाविरुद्ध नाही’ हे वाक्य सगळ्यांना पटलं असं नाही. १९५३मध्ये या सेनापतीला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा ऑस्लोच्या समारंभात निषेधाच्या घोषणाही झाल्या.

आता तुमच्या वाक्याकडे. ‘मार्शल योजना’ म्हणा, ‘लष्करी योजना’ असा अनुवाद कधीही करू नका. नुसतं मोठं पॅकेज किंवा घाई सांगायची असेल, तर आपलं ‘युद्धपातळीवर’ पुरेसं आहे. ‘कोरडवाहू शेतीसाठी मार्शल प्लॅन’ मी तेव्हाच लिहीन, जेव्हा आराखडा कोरडवाहू शेतकऱ्यांनी बसून केलेला असेल आणि सरकार फक्त पैसे देत असेल.