एच-४ वरच्या मुलीला डिप्लोम्यावरचं सिव्हिक सील मिळतं का, आणि घ्यावं का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी कॅलिफोर्नियात अकरावीत आहे, शाळेतून सिव्हिक एंगेजमेंटच्या सीलचा ईमेल आलाय, पण तुम्ही सगळे व्हिसावर, मग तिला ते मिळेल का आणि कॉलेजसाठी काही उपयोग आहे का. हो, मिळतं. सिटिझन असायची अट त्यात कुठेही नाही. माझ्या मुलाने एच-४ वर (म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असतानाच घेतलं.

सील म्हणजे डिप्लोम्यावर (हायस्कूल पास झाल्याच्या दाखल्यावर) किंवा ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे मार्कशीटवर, लावायचा शिक्का. २०१७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या शिक्षण बोर्डाने निकष ठरवले. अभ्यास नीट करणं, राज्यघटना आणि सरकार कसं चालतं ते समजणं, वागणूक वगैरे आहेच, पण खरी मेहनत प्रोजेक्टची, म्हणजे आपल्या भागातला एक खरा प्रश्न घ्यायचा, त्याच्या मुळाशी जायचं, काहीतरी करायचं आणि मग त्यातून काय कळलं ते लिहायचं. शाळांचं प्रत्येक डिस्ट्रिक्ट हे आपापल्या पद्धतीने राबवतं (काही राबवतही नाहीत).

आमच्याकडे झालं असं की माझी आई नाशिकहून सहा महिने आली होती, रोज लायब्ररीत जायची आणि घराजवळच्या मोठ्या सिग्नलला तिचा जीव मुठीत यायचा, शेवटच्या लेनपर्यंत पोचेपर्यंत सिग्नलवरचा उलटा मोजणारा आकडा शून्य. मुलाने तेच घेतलं. टेपने रस्ता मोजला, ८४ फूट. सिग्नलवर चालणाऱ्या माणसाचं चित्र दिसल्यापासून आकडा संपेपर्यंत ३१ सेकंद, आणि आजीला लागायचे ३८. मग त्याने सिग्नलचे नियम शोधून वाचले, तर तिथे पादचाऱ्याची चाल सेकंदाला साडेतीन फूट धरलेली, पण हळू चालणारी माणसं नेहमी येत असतील तर कमी धरायचा विचार करा असंही त्यातच लिहिलेलं! ते वाचून तो धावत खाली आला होता मला दाखवायला, कागद हातात घेऊन.

मग सिटी कौन्सिल. ताई, ही गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते, कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन अॅक्ट आहे, नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि कुणीही जाऊन बोलू शकतं, तुमचा व्हिसा कुठला असं कोणी विचारत नाही. त्याला दोन मिनिटं मिळाली. हात थरथरत होते, माईक उंच होता, पण ८४, ३१, ३८ हे तिन्ही आकडे त्याने न बघता सांगितले. मी आणि आई मागच्या रांगेत बसलो होतो, आईला इंग्रजी फारसं कळत नाही पण 'ग्रँडमदर' कळलं आणि तिने पदर डोळ्याला लावला.

चार महिन्यांनी सिग्नल पाच सेकंदांनी वाढला. म्हणजे ३६, आजीला अजून दोन कमीच. हे त्याने प्रोजेक्टच्या शेवटी लिहायच्या रिफ्लेक्शनमध्ये जसंच्या तसं लिहिलं, की माझं काम अर्धं झालंय. टीचरना तेच पान सगळ्यात आवडलं.

कॉलेजचं म्हणाल तर नुसत्या शिक्क्यावर कोणी अॅडमिशन देत नाही, त्या आशेने करू नका. पण यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत लिहायचं असतं, त्यातला एक हाच आहे की तुम्ही शाळेसाठी किंवा समाजासाठी काय केलंत, आणि तिथे त्याला एक शब्द बनवून लिहावा लागला नाही. मतदान करता येत नाही म्हणून आपली मुलं इथे पाहुण्यासारखी राहतात, मला ते फार लागतं, आणि माझ्या मुलाचं ते पाहुणेपण त्या दोन मिनिटांत गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलीला आधी विचारा, रोज येताजाता तिला काय खटकतं. विषय तिचाच हवा, तुम्ही सुचवू नका. आणि काउन्सेलरपेक्षा आधी हिस्टरीच्या टीचरना भेटा, तेही आत्ताच, कारण बारावीला गव्हर्नमेंट हा विषय एकच सेमिस्टर असतो आणि सिटीकडून उत्तर यायलाच महिने जातात.