चौदाव्या वर्षी 'पीसीओ'चा रिपोर्ट

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. कधी ३५ दिवसांनी येते, कधी ४२. गेल्या पाळीत पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर 'दोन्ही अंडाशयांत पीसीओ' आलं. सासूबाई म्हणतात, हिला पुढे मूल कसं होणार? गोळ्या सुरू कराव्यात का? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, गोळ्यांची घाई नको. या वयात अंडाशय डाळिंब फोडल्यासारखं दिसतं, बारीक दाण्यांनी भरलेलं. रिपोर्टमधलं 'पीसीओ' म्हणजे एवढंच. तो आजार नव्हे. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस (हार्मोन बिघडण्याचा आजार) ठरवू नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आजार म्हणायला पाळी खरोखर अनियमित हवी (तुमच्या लेकीच्या टप्प्यावर २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांनंतर), आणि जोडीला हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं किंवा रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेलं हवं. ३५ आणि ४२ यात बसतच नाहीत. सासूबाईंना म्हणावं, चौदाव्या वर्षी मुलाबाळांची चिंता कशाला?

मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो. चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' लिहिलं, तर डॉक्टर दिसेल ते लिहिणार. वय, पहिली पाळी कधी आली आणि शेवटची कधी, एवढं लिहून न्या. तपासणी पोटावरूनच, लघवी भरलेली असताना.

माझीच फजिती सांगते. नवी डॉक्टर होते. चौदा वर्षांची मुलगी, पाळी अजून आलेली नाही, पोट मात्र दर महिन्याला दुखायचं. रिपोर्टवर 'मोठी गाठ'. मी पोट उघडायच्या तयारीत, संमतीपत्रावर वडिलांची सहीसुद्धा घेतलेली. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एकदा खाली बघितलंत का?" बघितलं. योनीमुखावरचा पडदा बंद, निळसर फुगलेला. आत कित्येक महिन्यांचं रक्त साठलेलं. पडद्याला छोटा छेद दिला, काम झालं. त्या रात्री मला झोप आली नाही.

तुमच्या लेकीचं दुखणं पाळीतलंच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरेल. नाही थांबलं तर दाखवा. पण अचानक एका बाजूला जोरात कळ आली, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. अंडाशयाला पीळ पडला असला तरी डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसू शकतो; तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून घरी परतू नका.

तूर्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिहायला लावा. तिच्या हातानं.