उझबेकिस्तान, सात रात्री: काय ठेवावं, काय गाळावं

सात रात्रींत ताश्कंद, चिमगान, समरकंद, बुखारा आणि खिवा असा गाईडसह कार्यक्रम एजंटने दिलाय, सोबत सत्तरीकडे झुकलेले आईवडील आहेत, 'थोडा ग्रामीण भागही' बघायचाय. एप्रिलअखेर हे सगळं बसेल का, असं विचारलंय. बसेल, पण तुम्हीही बराच वेळ गाडीतच बसाल.

खिवा काढा. बुखाऱ्याहून ते साधारण ४५० किलोमीटर आहे, किझिलकुमच्या वाळवंटातून मोटारीने सात-आठ तास. तिथलं तटबंदीच्या आतलं जुनं शहर, इचान कला, सुरेख आहे, पण त्यासाठी निदान नऊ रात्री हव्यात आणि परतीला खिव्याजवळच्या उर्गेंचहून विमान. ताश्कंदजवळचं डोंगरातलं चिमगानही काढा. केबलकारसाठी एवढ्या लांब जायचं कारण नाही.

मग क्रम असा लावून मागा: ताश्कंद १ रात्र, बुखारा २, नुराता डोंगरातलं गाव १, समरकंद २, शेवटी पुन्हा ताश्कंद १. आधी लांबचं टोक गाठायचं आणि हळूहळू मागे यायचं. म्हणजे शेवटच्या दिवशी विमान चुकायची धास्ती राहत नाही.

ताश्कंद ते बुखारा अफ्रोसियोब या वेगवान गाडीने सुमारे चार तास. हिची तिकिटं हंगामात लवकर संपतात आणि मग एजंट गुपचूप शार्क गाडीची तिकिटं देतात; त्यात आणखी दोन तास जातात. म्हणून कार्यक्रमात नुसतं 'ट्रेन' लिहिलेलं चालवून घेऊ नका, गाडीचं नाव लिहून घ्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. ताश्कंदला दोन स्टेशनं आहेत, उत्तर आणि दक्षिण, तेही तिकिटावर बघा. बुखाऱ्याचं स्टेशन गावात नाही, कागानला आहे. तिथून जुन्या शहरात यायला गाडी पॅकेजमध्ये आहे का ते विचारा.

बुखाऱ्यात जुन्या गावातलंच हॉटेल मागा. मात्र जुन्या गावातल्या लब-ए-हौज या चौकाच्या आसपास मोठी गाडी आत येत नाही, सामान काही अंतर ओढत न्यावं लागतं, आणि जुन्या वाड्यांत केलेल्या हॉटेलांना बहुधा लिफ्ट नसते. तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवा. (लब-ए-हौज म्हणजे हौदाचा काठ. आपला हौद तोच.) ११२७ चा कल्याण मिनार, सामानी घराण्याची विटांची कबर, छत असलेले जुने बाजार हे सगळं सपाटीवर, रमतगमत चालण्याजोगं आहे. दोन रात्री यासाठीच.

बुखारा ते समरकंद रेल्वेने दीड तासाचं अंतर, पण तुम्ही रस्त्याने जा. गिजदुवानला कुंभारांची कामं बघा, नुरात्याला माशांनी भरलेला पवित्र झरा आणि वरचा पडका किल्ला, आणि मुक्कामाला सेन्टोबसारखं गाव. ओढ्याच्या कडेने अक्रोड-तुतीच्या झाडांतून चढत जाणारी वाट आहे, दमलात तिथून परत फिरा. इथे घरगुती मुक्काम असतो. गाद्या बऱ्याचदा जमिनीवर घालतात आणि संडास अंगणापलीकडे असू शकतो. गुडघे दुखत असतील तर पलंग आणि खोलीला जोडून संडास असलेलं घर नाव घेऊन मागायचं. नुसतं 'होमस्टे' म्हटलं की काय मिळेल याचा नेम नाही.

समरकंद एका दिवसात उरकण्याची जी पद्धत आपल्याकडच्या पॅकेजांत रुळली आहे, ती सगळ्यांत मोठी चूक. रेगिस्तान या समरकंदच्या मुख्य चौकातला, पंधराव्या शतकातला खगोलज्ञ राजा उलुग बेग याचा मदरसा (१४१७–२०) पश्चिम बाजूला आहे, म्हणजे त्याच्या दर्शनी भागावर सकाळचं ऊन. समोरच्या शेर-दोर मदरशावर संध्याकाळचं. भर दुपारी पोचणाऱ्या गटाला दोन्ही फिके दिसतात. शाह-इ-झिंदा या कबरींच्या समूहाला सुरुवातीलाच सुमारे चाळीस पायऱ्या आहेत, तिथे सकाळी लवकर जा. उलुग बेगची वेधशाळा गाईड बरेचदा गाळतात, कारण उरलंय ते फक्त १९०८ साली सापडलेलं जमिनीखालचं कमानीसारखं यंत्र. गाळू देऊ नका. सवाई जयसिंगाने जयपूर-दिल्लीच्या जंतरमंतरच्या काळात तयार करवलेल्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांना याच उलुग बेगच्या कोष्टकांचा आधार होता.

ताश्कंदच्या शेवटच्या दिवशी चोरसू बाजार, मेट्रोची दोन-चार स्टेशनं आणि शास्त्रीजींचा पुतळा एवढं पुरे.

आईवडिलांची औषधं नीट तपासा. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या आणि काही झोपेच्या गोळ्यांबाबत तिथले कस्टमचे नियम कडक आहेत. मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, शंका असेल तर डॉक्टरांकडून पर्यायी औषध घ्या. ड्रोन नेऊच नका. ई-व्हिसा अधिकृत सरकारी साइटवरूनच काढा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, मळक्या-दुमडलेल्या नाकारतात.

शाकाहारी असाल तर 'गोश्तसिझ' (मांसाशिवाय) एवढं सांगून भागत नाही. सूपमधले तुकडे काढले की झालं शाकाहारी, अशी सरळ समजूत असते. रस्साही मांसाचा नको, हे गाईडला स्वयंपाकघरात जाऊन सांगायला लावा. वसंतात हिरव्या पाल्याचा सोम्सा (समोशासारखा भाजलेला पदार्थ) मिळतो, तो सोडू नका. मांस खाणाऱ्यांनी पलोव (मांस घातलेला पुलाव) दुपारीच खावा. मोठ्या कढईतला ताजा भात जेवणाच्या वेळेतच संपतो, रात्री पर्यटकांपुढे येतो तो बहुतेक गरम केलेला.