ब्रिटनमध्ये कडाक्याच्या थंडीत घरातला गॅस बंद पडू शकतो का? मुलगी लेस्टरला शिकायला गेली आहे, बातम्या वाचून काळजी वाटते.

तुम्ही विचारलंय की तिकडे बहुतेक घरांत हीटिंग गॅसवर चालतं, थंडी पडली की सगळे एकदम लावतात, मग एवढा गॅस पुरतो कसा, आणि एखाद्या रात्री पुरला नाही तर मुलीचं काय. आईवडिलांच्या जिवाला घोर लागणारच, म्हणून शेवटचं उत्तर आधी देतो. देशात गॅसची टंचाई झाली म्हणून तिच्या घरातला गॅस बंद होण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे. ती कमी का आहे हे कळलं तर काळजी निम्मी होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा. बारा वर्षं मिडलंड्समध्ये, म्हणजे लेस्टर ज्या भागात येतं त्या मध्य इंग्लंडमध्ये, राहतोय आणि त्यातली बरीच वर्षं एका गॅस पुरवठादार कंपनीत 'उद्या आपल्या ग्राहकांना किती गॅस लागेल' याचा अंदाज बांधायचं काम केलं आहे.

'गॅस संपेल का?' असं आमच्या कामावर कुणी विचारत नसे. विचारत ते, 'संध्याकाळी सहाला पुरेल का?' सगळी मेख या वेळेत आहे.

वीज बटण दाबताच येते. गॅसला मात्र चालत यावं लागतं. मोठ्या पाइपलाइनीतून तो साधारण ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सरकतो, म्हणजे आपल्या घाटातल्या एसटीसारखा. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंट फर्गसला समुद्रातून वर आलेला गॅस दक्षिण इंग्लंडला पोचायला वीसएक तास घेतो. आज संध्याकाळी लेस्टरमध्ये जळणारा गॅस काल कधीतरी निघालेला असतो. थंडी वाढलेली दिसल्यावर गॅस मागवायला गेलात, तर उशीर झालेलाच असतो.

मग रोजची संध्याकाळ निभते कशी? तुम्ही क्रिकेट बघत असाल तर याचं जुनं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. लंडनच्या ओव्हल मैदानामागे लोखंडी खांबांचा एक अवाढव्य गोल सांगाडा दिसतो. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली कसोटी मालिका जिंकली, ती याच मैदानावर. तो सांगाडा म्हणजे गॅसची टाकी. पाण्यावर उपडी ठेवलेली भलीमोठी घागर समजा. रात्री लोक झोपले की आत गॅस भरत जाई आणि घागर वर चढे. दिवसभर स्वयंपाक, अंघोळी आणि शेकोट्या चालत, तशी ती खाली येई. गावोगाव अशा टाक्या होत्या, आणि टाकी किती वर आहे ते येणाजाणाऱ्यालाही दिसायचं.

आता त्या टाक्या वापरात नाहीत. त्यांचं काम खुद्द पाइपलाइन करते. राष्ट्रीय जाळ्यात सुमारे ७,६०० किलोमीटर लांबीचे जाड पोलादी नळ आहेत आणि त्यांतला दाब साधारण ४० ते ८५ बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) दरम्यान खेळता असतो. घरातल्या शेगडीपाशी तो एका बारच्या पन्नासाव्या हिश्शाइतका उरतो, यावरून अंदाज येईल. गॅस दाबता येतो. रात्री मागणी उतरली की त्याच नळांत जास्त गॅस कोंबायचा, दाब चढू द्यायचा, आणि सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी चार ते आठ या वेळांत तो उतरू द्यायचा. नळात साठवलेल्या या गॅसला तिकडे 'लाइनपॅक' म्हणतात. वॉरिक इथल्या कंट्रोल रूममधली माणसं चोवीस तास या आकड्यावर नजर ठेवून असतात आणि देशभरातली वीसपेक्षा जास्त कॉम्प्रेसर स्टेशनं चालूबंद करून गॅस उत्तरेकडून दक्षिणेकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे ढकलत राहतात. मात्र लाइनपॅक हा काही तासांचा आधार आहे. आठवडाभराची थंडी त्याच्यावर निघत नाही.

गॅसचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे पाचला संपतो. हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. माझी रात्रपाळी संपायची तेव्हा साताऱ्याला आईचा स्वयंपाक अर्धा झालेला असायचा आणि मी तिला फोन करायचो. या चोवीस तासांत ज्या कंपनीच्या ग्राहकांनी जेवढा गॅस वापरला, तेवढा त्या कंपनीने जाळ्यात घातलेला असला पाहिजे. कमी घातला तर फरकाचे पैसे मोजावे लागतात, आणि तेही त्या दिवशी जाळं सांभाळण्यासाठी सर्वांत महाग पडलेल्या गॅसच्या भावाने. त्यामुळे कंट्रोल रूम गॅस स्वतः फारसा विकत घेत नाही. तुटीची धास्तीच प्रत्येक कंपनीला वेळेत गॅस आणायला लावते. १९९६ पासून ही पद्धत चालू आहे, आणि मी आत बसून पाहिल्यावर सांगतो, ती बहुतेक दिवशी खरोखर चालते.

आमचा अंदाज बांधायचा तो मुख्यतः हवामानावर. नुसतं तापमान घेऊन भागत नाही. वारा किती आहे हे लागतं, कारण विटांच्या जुन्या घरांत फटींतून तो ऊब काढून नेतो. काल आणि परवा किती गार होतं हेही लागतं, कारण थंडी भिंतींत मुरते. थंडीच्या तिसऱ्या दिवशी तापमान पहिल्या दिवसाइतकंच असलं तरी लोक जास्त गॅस जाळतात. हे मी आकड्यांत पाहण्याआधी माझ्या घरात अनुभवलं होतं. उन्हाळ्यातल्या शांत दिवशी देशाची मागणी दीडशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास असते. कडाक्याच्या थंडीत ती चारशेच्या वर जाते. आणि नियम असा आहे की वीस हिवाळ्यांत एखाद्याच वेळी येईल अशा थंडीच्या दिवशीची मागणीसुद्धा जाळ्याला वाहून नेता आली पाहिजे.

हा गॅस येतो कुठून? काही त्यांच्याच उत्तर समुद्रातला. मोठा वाटा नॉर्वेचा. तिथून समुद्राच्या तळाने सुमारे १,२०० किलोमीटरची लांगेलेड नावाची पाइपलाइन यॉर्कशरच्या ईझिंग्टनला येते. बेल्जियम आणि नेदरलँड्सशी जोडलेल्या दोन पाइपलाइनी आहेत. आणि उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून द्रव केलेला गॅस जहाजांतून वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला आणि केंटमधल्या आयल ऑफ ग्रेनला उतरतो. असे अनेक दरवाजे असणं हीच खरी सुरक्षितता आहे. आपल्या कोकणात दाभोळच्या टर्मिनलला लाटा अडवणारी भिंत पुरी नव्हती, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजं लागत नसत. एकाच दरवाजावर अवलंबून राहिलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

साठ्याच्या बाबतीत मात्र माझं मत कडक आहे. यॉर्कशरच्या किनाऱ्याबाहेर समुद्राखाली 'रफ' नावाचं एक रिकामं झालेलं वायुक्षेत्र आहे. १९८५ पासून उन्हाळ्यात त्यात गॅस भरायचा आणि हिवाळ्यात काढायचा असं चाले, अगदी आपण पावसाळ्यापूर्वी बेगमी करून ठेवतो तसं. देशातल्या एकूण साठवणक्षमतेपैकी जवळजवळ ७० टक्के तिथे होती. विहिरी जुन्या झाल्या, दुरुस्ती परवडेना, आणि २०१७ मध्ये ते बंद करायचं ठरलं. 'बाजारात गॅस मिळतोच की, साठवायचा कशाला' असा तेव्हाचा सूर होता. मला तो तेव्हाही चुकीचा वाटला होता. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, भाव आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रफ पुन्हा उघडावं लागलं, तेही जुन्या क्षमतेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने. बेगमी महाग वाटते ती फक्त पाऊस वेळेवर थांबलेल्या वर्षी.

रफ बंद झाल्यावरचा पहिलाच हिवाळा कसोटीचा ठरला. फेब्रुवारी २०१८च्या अखेरीस सायबेरियाकडून गार वारे आले. १ मार्चला मी सकाळच्या पाळीला होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, अर्धे सहकारी पोचलेच नव्हते. पहाटेच कंट्रोल रूमकडून गॅसच्या तुटीचा अधिकृत इशारा आला होता. मागणी चारशे दशलक्षांच्या वर जाणार होती आणि नेमके त्याच वेळी नॉर्वेत व इतरत्र पुरवठ्यात बिघाड झाले होते. थंडी एकटी येत नाही, ती यंत्रंही गोठवते. पडद्यावर भाव नेहमीच्या कित्येक पट चढताना दिसत होता, आणि मला मनापासून भीती वाटली होती हे लिहायला संकोच नाही.

पण नंतर जे झालं ते तुम्हाला मुद्दाम सांगतो. भाव चढताच जमिनीखालच्या मिठाच्या थरांत कोरलेल्या साठ्यांतून गॅस पूर्ण जोराने बाहेर येऊ लागला. काही गॅसवरच्या वीजकेंद्रांनी उत्पादन घटवून आपला गॅस परत विकला, कारण त्या भावाला तो जाळण्यापेक्षा विकणं फायद्याचं होतं. त्यांची जागा कोळशाने घेतली. कारखान्यांनी वापर उतरवला. दुसऱ्या दिवशी इशारा मागे घेतला गेला. टंचाईमुळे एकाही घराचा गॅस कापला गेला नाही.

आता कोळशाची ती सोय गेली आहे. तुमची मुलगी लेस्टरहून रेल्वेने नॉटिंगहॅमकडे गेली तर वाटेत आठ प्रचंड कूलिंग टॉवर दिसतील. ते रॅटक्लिफ, देशातलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं. कोळसा गेला हे चांगलंच झालं. मात्र आता पवनचक्क्या थांबल्या की त्यांची जागा मुख्यतः गॅस भरून काढतो. आणि हिवाळ्यातली सर्वांत बोचरी थंडी बहुधा वारा पडलेला असतानाच येते. अशा दिवशी बॉयलरही गॅस मागतात आणि वीजकेंद्रंही. माझ्या मते आज जाळ्याची खरी परीक्षा इथे आहे.

समजा सगळंच बिनसलं, तरी क्रम ठरलेला आहे. आधी मोठी वीजकेंद्रं आणि मोठे कारखाने यांना थांबवायचं, मग लोकांना वापर कमी करण्याचं आवाहन करायचं, आणि घरं अगदी शेवटी. यामागे दया आहेच, पण त्याहून मोठं कारण तांत्रिक आहे. वीज गेली आणि परत आली तर काही बिघडत नाही. गॅस गेला तर नळात हवा शिरू शकते, कुठे ज्योत विझून कॉक उघडाच राहिलेला असू शकतो. म्हणून तंत्रज्ञाने प्रत्येक घरी जाऊन मीटरपाशी गॅस बंद करायचा, नळ साफ करायचा आणि मग पुन्हा जाऊन सुरू करून द्यायचा. डिसेंबर २०२२ मध्ये शेफील्डच्या स्टॅनिंग्टन भागात पाण्याची मोठी वाहिनी फुटून पाणी गॅसच्या नळांत शिरलं. सुमारे दोन हजार घरं ऐन गोठत्या थंडीत कित्येक दिवस गॅसविना राहिली. टंचाईचा काही संबंध नव्हता, पण दोन हजार घरांना इतके दिवस लागले तर मोठ्या शहराचं काय होईल, हे ओळखूनच सगळी व्यवस्था घरांचा दाब कधीच पडू नये अशी आखलेली आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात नव्हती तरी सांगतो, कारण मुलीच्या बाबतीत ती जास्त खरी आहे. २०२२-२३च्या हिवाळ्यात घरगुती मागणी आमच्या अंदाजापेक्षा खाली राहू लागली. कार्यालयात याला 'बचत' म्हणत. माझ्या शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या आजी तेव्हा कोट घालून स्वयंपाकघरात बसलेल्या असायच्या, कारण बिलाची भीती. आलेख खाली गेला की मला त्या दिसायच्या. विद्यार्थीही हेच करतात. तेव्हा तिला सांगा, पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद ठेवू नकोस. राहत्या खोलीचा रेडिएटर चालू ठेव. घर थंड पडलं की भिंतींना बुरशी धरते आणि छातीचा त्रास सुरू होतो.

आणि हीटिंग अचानक बंद पडलंच, तर कारण घरातच असेल. गोठत्या रात्री सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे बॉयलरचं सांडपाणी बाहेर नेणारी प्लॅस्टिकची बारीक नळी गोठणं. बॉयलर गुडगुडतो आणि बंद होतो. नळी हाताशी असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, आणि बॉयलर रीसेट करायचा. जमलं नाही तर घरमालकाला कळवायचं, दुरुस्ती त्याची जबाबदारी आहे. प्रीपेड मीटर असेल तर आधी शिल्लक बघायची. वीज गेली असेल तरी बॉयलर चालत नाही, ते वीज आल्यावर सुरू होतं.

घरमालकाला दरवर्षी गॅसची सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते, त्याचं प्रमाणपत्र तिने मागून घ्यावं. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, तेही बघावं. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करायचा. हा नंबर मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. आजच तिच्या फोनमध्ये सेव्ह करायला सांगा.