वर्षभरात मूल काय शिकलं, ते कुठं दिसतं?

निकाल लागले की प्रश्न विचारणाऱ्या पालकांची आणि शिक्षकांची माझ्याकडे येणारी पाकिटं जाड होतात. प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स असते, प्रश्नपत्रिका असते, एका आईने तर आख्खी वहीच पाठवली. वही पाठवणाऱ्यांचं मला कौतुक आहे. आयुष्य प्राथमिकच्या वर्गात गेल्यामुळे असेल, पण मी शिक्का-सही नंतर बघते, खाडाखोड आधी.

बाई, मुलगी तिसरी पास झाली. भाषेत 'अ' श्रेणी. पुस्तकातला धडा घडाघडा वाचते, पण गोष्टीचं नवं पुस्तक दिलं की दोन ओळींत कंटाळते. आळस म्हणायचा का?

आळस म्हणू नका. मला वेगळीच शंका आहे: धडा पाठ आहे, वाचन अजून आलेलं नाही. वर्गात एकच धडा पुन्हापुन्हा कानावर पडतो. चांगल्या स्मरणशक्तीचं मूल ओळीतला पहिला शब्द बघतं आणि पुढचं आठवणीतून म्हणतं. बोट ओळीवरून सरकत असतं, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. खात्री करायची असेल तर धड्यातली एक ओळ शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचायला सांगा. पाठांतर असेल तर तिथेच अडेल.

मग तिने कधी न पाहिलेला, दुसरी-तिसरीच्या तोडीचा उतारा घ्या. मिनिटभर नुसतं ऐका. 'अगं नीट बघ' म्हणायचं नाही. ती अडते ते शब्द कागदावर टिपा. दोन-तीन दिवस असं केलंत तर ते शब्द बहुधा एकाच जातीचे निघतील. कुणाचं जोडाक्षरावर घोडं अडतं, कुणी 'गर्दी'चं 'गरदी' करतं, कुणाच्या मात्रा आणि वेलांट्या एकमेकींच्या जागी जातात. जात सापडली की काम निम्मं झालं, कारण आता सगळं वाचन सुधारायचं नाही, फक्त रफार सुधारायचा आहे.

आणखी एक परीक्षा घ्या. तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि काय घडलं ते विचारा. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य. ऐकून सगळं कळत असेल आणि वाचून कळत नसेल, तर अडचण अक्षरांत आहे. उलट अस्खलित वाचूनही गोष्ट सांगता येत नसेल, तर शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख कमी पडतेय. त्या मुलाला जास्त वाचायला लावण्याआधी त्याच्याशी जास्त बोलावं लागतं.

तुमच्या मुलीसाठी रोज दहा मिनिटं पुरतील. एकच छोटा परिच्छेद तीन-चार दिवस वाचू द्या. अडली की लगेच शब्द पुरवू नका, मनात पाचपर्यंत मोजा. आणि शाळेत जाल तेव्हा एकच विचारा: ही 'अ' श्रेणी शिकवलेल्या धड्यावर दिली की न शिकवलेल्या उताऱ्यावर? उत्तराला उशीर लागला तर शिकवलेल्या धड्यावरच दिली, असं समजा.

मुलगा पहिलीत. वार्षिक समारंभात त्याच्या मित्रांना बक्षिसं मिळाली, याला एकही नाही. वर्गात तो वयाने सगळ्यात लहान आहे. आमचंच कुठं चुकलं का?

वयाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, खरी गोष्ट तीच. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ एक षष्ठांश आयुष्य. तेवढा काळ जास्त जगलेलं मूल पेन्सिल जास्त घट्ट धरतं, जास्त वेळ बसतं, माइकसमोर कमी घाबरतं. बेडर्ड आणि ड्युई यांनी अनेक देशांतल्या मुलांचे आंतरराष्ट्रीय चाचणीतले गुण तपासून २००६ साली दाखवलं की चौथीत वर्गातली सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्यांपेक्षा ४ ते १२ शतमानांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत तितक्या जागांनी, मागे असतात. आठवीत हा फरक २ ते ९ वर येतो. म्हणजे कमी होतो, पण पूर्ण पुसला जात नाही. म्हणून 'मोठा झाला की आपोआप होईल' असं म्हणून हात झटकू नका, आणि पहिलीच्या बक्षिसावरून हुशारीही ठरवू नका. जूनमधली त्याची वही आणि मार्चमधली वही शेजारी ठेवा. त्याच्यासमोर ठेवा, त्यालाच बघू द्या. पहिलीतलं मूल आपली जूनमधली अक्षरं बघून खदखदून हसतं.

मी शिक्षिका आहे. वर्षभर प्रत्येक वहीत शेरे लिहिते. पालकसभेत मात्र 'बाई, शेरा राहू द्या, मार्क सांगा' हेच ऐकते. दोन्ही दिलं तर?

दोन्ही दिलं तर शेरा वाया जातो, असं रूथ बटलर यांच्या प्रयोगात दिसलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला होता. काहींना फक्त गुण, काहींना फक्त कामाबद्दलचा शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारले ते फक्त शेरा मिळालेले. दोन्ही मिळालेल्यांची गत गुणवाल्यांसारखीच झाली. वर्गात याची प्रचिती रोज येते. पेपर हातात पडला की नजर आधी लाल आकड्यावर, मग शेजारच्याच्या आकड्यावर, आणि पेपर दप्तरात.

पण तुमच्या बाजूने बोलण्याआधी तुमचे शेरेही बघायला हवेत. पत्रासोबत पाठवलेल्या नमुन्यांत 'छान', 'प्रगती समाधानकारक', 'अक्षर सुधारावे' असे आहेत. 'प्रगती समाधानकारक' हे वाक्य वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या वहीत चालतं, म्हणून ते कुणाचंच नाही. मी असं लिहीन: 'पत्रात विनंती स्पष्ट आली. कारण मात्र एकच दिलंस, अजून एक दे.' किंवा 'जुलैत तीन वाक्यं लिहायचीस, आता पान भरतं. आता पूर्णविराम बघ.' मुलाला उद्या काय करायचं ते त्यातून कळलं पाहिजे. चाळीस वह्यांना रोज हे जमणार नाही, कुणालाच जमत नाही. आठवड्याला आठ वह्या नीट बघा, बाकीच्यांवर टिक करा आणि मनाला लावून घेऊ नका.

पालकांना गुण द्यावेच लागतात, नियम आहे, तर द्या. पण वही आज परत करा आणि आकडा चार दिवसांनी सांगा. मधल्या चार दिवसांत शेरा वाचला जातो.

मुलगा तिसरीत, वजाबाकीच्या पेपरात वीसपैकी चौदा. शेरा: 'निष्काळजीपणा'. घरी रोज वीस वजाबाक्या घालतो, तरी तेच. पेपर सोबत पाठवत आहे.

पेपर पाठवलात हे फार बरं केलंत. चुकलेली सहाही पाहिली. ५२ − २७ = ३५. ८१ − ४६ = ४५. ७० − ३८ = ४८. उरलेली तीन याच चालीची. निष्काळजी मूल इतकं शिस्तीत चुकत नाही! तुमच्या मुलाने स्वतःचा एक नियम केलाय आणि तो इमानाने पाळतोय: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, वर कोण आहे ते बघायचं नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झाले ३५. आता बरोबर आलेली चौदा बघा. एकातही हातचा घ्यावा लागत नाही. तेव्हा 'सत्तर टक्के' हा आकडा विसरा. बिनहातच्याची वजाबाकी त्याला शंभर टक्के येते, हातच्याची शून्य टक्के.

ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशा नेमाने होणाऱ्या चुकांची रीतसर छाननी केली होती. ही मोठ्यातून-लहान चूक त्यात ठळक आहे, जगभरच्या मुलांच्या वह्यांत ती भेटते. रोज वीस घालून तुम्ही त्याचा चुकीचा नियमच पक्का करताय. आधी ते थांबवा.

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि सत्तावीस मागा. दोन गठ्ठे तो पटकन देईल. मग सात सुट्या देताना हात थांबेल. काही बोलू नका. गठ्ठा सोडायचं त्याला स्वतःला सुचू द्या. सुचतं, फक्त आपल्याला धीर नसतो. सोडल्यावर त्याच्याकडे दोन गठ्ठे आणि बारा सुट्या, त्यातून सात गेल्या पाच उरल्या, गठ्ठे दोनच. पंचवीस. हे हाताने आठवडाभर होऊ द्या, वही त्यानंतर. आणि वहीत वीस नकोत, चार पुरे, पण त्यातल्या दोन बिनहातच्याच्या ठेवा, नाहीतर तो दिसेल तिथे गठ्ठा सोडत सुटेल.

जाता जाता त्याला एक कोडं घाला: ८ + ४ = ▢ + ५. चौकटीत पुष्कळ मुलं १२ लिहितात, थेट पाचवी-सहावीतलीसुद्धा. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी त्यांची समजूत झालेली असते. दोन्ही बाजू सारख्या, हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्याने ७ लिहिलं तर मला जरूर कळवा.

सुट्टीत मुलं सगळं विसरतात म्हणतात. क्लास लावावा का?

सगळं विसरत नाहीत. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुट्टीत सरासरी साधारण महिन्याभराचं शिक्षण मागे जातं असं दिसलं. गणिताच्या आकडेमोडीत घट जास्त होती. क्लासची गरज नाही. आकडेमोड दिवसाआड दहा मिनिटं घ्या, तीही या वर्षीचीच. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधीच उरकून टाकू नका, वर्गात बिचाऱ्याला वर्षभर कंटाळा येतो.