कार्पल टनेलसाठी इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावं का?

रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडते, डॉक्टरांनी कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबण्याचा त्रास, सांगितला आहे आणि ऑपरेशन टळावं म्हणून कुणीतरी सुयांतून मंद वीजप्रवाह देणारं इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर सुचवलं आहे, ते करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाताच्या तक्रारी रोज बघते. दुखणं सौम्य ते मध्यम असेल तर जरूर करून बघा, मात्र रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट सोडायचा नाही. नस फार दबली असेल तर मात्र या वाटेला जाऊच नका.

ते कसं ओळखायचं? दोन्ही तळहात उजेडात शेजारी शेजारी धरा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो एका हातात चपटा दिसतोय का? बटणं लावताना बोटं चाचपडतात का, हातातली वस्तू निसटते का, बधिरपणा दिवसभर उतरतच नाही का? यातलं काही असेल तर आधी हाताच्या सर्जनला दाखवा. तिथे उशीर केला तर पुढे ऑपरेशन व्यवस्थित होऊनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. आणि मुंग्या फक्त करंगळीला येत असतील तर दुखणं बहुधा वेगळंच आहे, कारण करंगळीची नस या बोगद्यातून जात नाही. म्हणून सुया सुरू करण्याआधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, करून घ्या.

मनगटातला हा बोगदा अरुंद असतो. तळाला नि बाजूंना हाडं, वरून जाड पट्टा, आणि आत बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) अन् त्यांच्याबरोबर मीडियन नर्व्ह, म्हणजे इथे दबणारी नस. आत सूज आली की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. झोपेत मनगट मुडपलं की दाब आणखी वाढतो, म्हणून जाग येते आणि आपण हात झटकतो. सुई तो पट्टा सैल करू शकत नाही. ऑपरेशनमध्ये तो पट्टाच कापतात.

मग सुया काय करतात? मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीवर, दोन टेंडनच्या मधोमध एक बिंदू आहे, दालिंग. तिथून कोपराच्या दिशेने साधारण तीन बोटं वर दुसरा, नेइग्वान. अशा ठिकाणी अगदी बारीक सुया टोचतात, त्यांना चिमटे लावतात आणि मंद प्रवाह सोडतात, बऱ्याचदा 2 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन ठोके. टोचलेलं फारसं कळत नाही. मग आत टकटक जाणवू लागते आणि कधी कधी त्या तालावर बोट किंचित उडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सुई शिरताना बोटांच्या टोकापर्यंत झटका बसल्यासारखी कळ गेली तर तिथल्या तिथे सांगा. बरोबर त्याच जागेखाली तुमची दबलेली नस असते, सुई लगेच मागे घ्यायला हवी. शरीररचना पक्की ठाऊक असलेल्या प्रशिक्षित माणसाकडेच जा, असं मी आग्रहाने सांगते ते यासाठी.

पुराव्यांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बॉस्टनचा अभ्यास, 2017 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेला. सौम्य ते मध्यम त्रास असलेले 80 रुग्ण, तीन गट. एका गटाला दुखऱ्या मनगटावर सुया, दुसऱ्याला चक्क विरुद्ध बाजूच्या घोट्यावर, तिसऱ्याला कातडीत न शिरणाऱ्या खोट्या सुया. आठ आठवड्यांत 16 बैठका. त्रास तिन्ही गटांत कमी झाला, खोट्या सुयांच्या गटातही! पण नसेतून संदेश जाण्याचा वेग सुधारला तो खऱ्या सुया घेतलेल्यांचाच. मेंदूच्या ज्या भागात बोटांची जाणीव नोंदली जाते, तिथेही शेजारच्या दोन बोटांच्या जागा पुन्हा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या झाल्या, आणि ज्यांच्यात हा बदल चांगला झाला त्यांना तीन महिन्यांनीही आराम टिकलेला होता. म्हणजे ‘बरं वाटतंय’ एवढ्यावरून नस सुधारली असं धरता येत नाही. म्हणूनच मी पेशंटना उपचारांनंतर एनसीव्ही पुन्हा करायला सांगते.

हाँगकाँगच्या 2016 च्या अभ्यासात 181 जण होते. नुसत्या स्प्लिंटपेक्षा स्प्लिंट आणि सुया मिळून फायदा जास्त झाला, पण तो थोडासाच. आणि 2018 मध्ये उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 12 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा खोट्या उपचाराच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही, पुरावेही कच्चेच निघाले. हमखास बरं करतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

पेसमेकर असेल तर हा उपचार घेऊ नका. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सुया नव्या, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेल्या हव्यात. थायरॉइड आणि साखरही तपासा, मूळ तिथे असेल तर नुसत्या मनगटावर उपचार करून भागत नाही. स्प्लिंट बांधताना मनगट सरळ राहिलं पाहिजे, मागे वाकलेलं नको.

दोन महिन्यांत फरक पडला नाही तर सुया लांबवू नका, स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन याबद्दल डॉक्टरांशी बोला. ऑपरेशन छोटं असतं, बहुतेक वेळा हाताचा तेवढा भाग बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. एनसीव्हीच्या रिपोर्टमध्ये नस किती दबली आहे ते लिहिलेलं असतं. तेवढं इथे कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.