बेसवादकाची जडणघडण : सूर कुठे थांबवायचा?

प्रश्न : लहानपणी मी काही वर्षे की-बोर्ड शिकलो, पुढे गिटारकडे वळलो आणि महाविद्यालयाच्या बँडमध्ये दोन गिटारवादक आधीच असल्यामुळे माझ्या वाट्याला बेस गिटार आली. आता आणखी एका बँडने विचारणा केली आहे. मात्र माझा बेस गढूळ ऐकू येतो, असे मित्र म्हणतात. आधीचे शिक्षण वाया गेले का? आणि आता कशावर मेहनत घ्यावी?

उत्तर : बेसकडे आडवाटेने आलेल्या वादकांची परंपरा मोठी आहे. जॅको पास्टोरियस आधी ड्रम्स वाजवत असत आणि मनगटाच्या दुखापतीनंतर बेसकडे वळले. कॅरोल के या गिटारवादक होत्या आणि 1963मध्ये ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतला. तुमचे शिक्षणही वाया गेलेले नाही. सी मेजर कॉर्डखाली (सी, ई, जी या एकत्र वाजणाऱ्या सुरांखाली) बेसने सीऐवजी ई वाजवला, की तीच कॉर्ड अस्थिर वाटू लागते, हे की-बोर्डवर डावा हात चालवलेल्या माणसाला चटकन उमगते.

अडचण गिटारच्या सवयीची असावी. चार तारांच्या बेसवर ई, ए, डी, जी हे गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर एक सप्तक खाली मिळतात, त्यामुळे बोटांना जागा ओळखीच्या वाटतात. पण गिटारवर तारा घुमत राहिल्या तर भरदारपणा येतो आणि बेसवर नेमका चिखल होतो. सर्वांत खालच्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 41 असते, आणि इतक्या खाली दोन जवळचे सूर एकत्र रेंगाळले, तर कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. म्हणून न वाजणाऱ्या तारा उजव्या हाताच्या अंगठ्याने व डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून गप्प ठेवण्याचा सराव आधी करा. वेग नंतर वाढवता येईल. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी तर उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडून अजोड काम केले.

माझ्या मते बेसवादकाची खरी घडण ड्रमरबरोबर होते. गायक आणि गिटारवादक येण्यापूर्वी तुम्ही दोघांनीच एखादे गाणे वाजवावे, तुमचा सूर किक ड्रमबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) सुरू व्हावा आणि स्नेअरचा (काठीने वाजवायच्या छोट्या, खणखणीत ड्रमचा) ठोका पडताच थांबावा. मग तोच सूर त्या ठोक्याच्या पुढे लांबवून पाहावा. केवळ सुराची लांबी बदलल्याने गाण्याच्या लयीचा डौल किती बदलतो, हे एकदा कानाने टिपले, की आपण बँडमधली केवळ उरलेली जागा भरत असल्याची भावना राहत नाही. सराव ध्वनिमुद्रित करा आणि हेडफोनवर ऐका, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून एवढे खालचे सूर जवळजवळ उमटतच नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या कोपऱ्यात असेल तर तोही बाहेर ओढा. कोपऱ्यात खालचे सूर फुगतात.

दुसऱ्या बँडला होकार देण्यापूर्वी त्यांच्या ड्रमरबरोबर एकदा फक्त दोघांनीच वाजवून पाहा. तो तुमचे ऐकून आपला ठोका बदलत असेल, तर जरूर जा. तसे नसेल, तर सध्याच्याच बँडमध्ये राहून हा सराव पक्का करणे मला अधिक योग्य वाटते.